मंडळाची रापण

...बरं, विरोध केला असता तर मी समजू शकलो असतो हो. विरोध करणाऱ्याशी भांडता येतं, त्याला समजावता येतं, नाहीच ऐकलं तर चार दिवस त्याच्या नावाने बोंबलता तरी येतं. पण आमच्या माडवाडीत विरोध कोणी करतच नाही. आमच्याकडे एखाद्या कामाचा जीव घ्यायचा असला की त्या कामाच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरवतात आणि म्हणतात, "होतला रे, होतला." होईल रे, होईल. झालं. काम तिथल्या तिथे आडवं. तुम्हाला सांगतो, मी मालवणच्या कॉलेजात बी.ए. केलं, वक्तृत्वाची बक्षिसं घेतली, ग्रामीण विकासावर अख्खा पेपर लिहिला, त्यात सहकार होता, श्रमदान होतं, लोकसहभाग तर पानोपानी होता, पण 'होतला' या विषयावर एक ओळ नव्हती. असायला हवी होती. पाच मार्कांची टीप तरी... 'होतला म्हणजे काय, सोदाहरण स्पष्ट करा.'

उदाहरण मी देतो.

आमचं वीर मारुती क्रीडा मंडळ. किनाऱ्याला लागून माडांची राई, राईत कबड्डीचं मैदान आणि मैदानाच्या कडेला मंडळाची इमारत. आम्ही इमारत म्हणतो, तुम्ही खोली म्हणाल. चिऱ्याच्या चार भिंती, वर कौलं, आत एक गंजलेलं कपाट, त्यात आजोबांच्या पिढीने जिंकलेल्या ढाली, आणि एक दार, आतून कडी लागणारं. कौलांचं, कपाटाचं, ढालींचं सोडा. सगळं रामायण त्या कडीचं आहे.

कारण मी मुलींचा संघ काढला होता. मुलींची कबड्डी म्हटल्यावर गाव आधी हसलं, मग बघायला आलं, मग उर्वशीची चढाई बघून गप्प झालं. उर्वशी म्हणजे आमच्या पद्मावतीकाकीची मुलगी, बारावीला आहे. पद्मावतीकाकी पहाटे बंदरावर मासे घेते, एसटीने कसालला जाते आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी करून येते. ती पाटी आईच्या डोक्यावर चढवायचं काम उर्वशीचं, अगदी लहानपणापासून. त्यामुळे मुलीचे खांदे असे, की समोरच्या संघातल्या मुली तिला पकडायला यायच्या आणि तिच्याबरोबर मध्यरेषेपर्यंत फरपटत जायच्या. पावसाळ्यानंतर जिल्ह्याची निवड आहे, उर्वशीचं नाव नक्की... हे मी नाही म्हणत, कुडाळहून आलेल्या पंचांनी म्हटलंय, आणि पंच माझ्या ओळखीचे नव्हते.

आणि गेल्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं. तुम्ही पेपरात वाचलं असेल. कोणाची होडी गेली, कोणाचं छप्पर गेलं, आणि आमच्या मंडळावर माड पडला. नुसता पडला नाही, इमारतीत शिरला. कौलं गेली, दोन भिंती गेल्या, दार चौकटीसकट उखडलं. माड कोणाचा? तर मंडळाचे अध्यक्ष गुरुदासभाऊ, त्यांच्या घरामागच्या परड्यातला. माझ्या जन्माआधीपासून अध्यक्ष आहेत. मी त्या सकाळी धावत गेलो, म्हटलं भाऊ आले असणार, आलेच होते. कौलांच्या ढिगातून एकेक नारळ वेचून गोणीत भरत होते. मला बघून म्हणाले, "सर्वेशा, नशीब बघ, एकय नारळ फुटाक नाय."

म्हटलं, भाऊ, इमारत?

"होतली रे, होतली."

बरं, मुलींनी काय करायचं? सराव तर चालू ठेवला पाहिजे. मग त्या उलट्या घातलेल्या होडीच्या आडोशाला कपडे बदलायला लागल्या, चौघी ओढण्या धरून उभ्या, एक आत. हे पद्मावतीकाकीला कळलं. ती बाजारातून येताना तशीच मैदानावर आली, डोक्यावर रिकामी पाटी, आणि भर मैदानात मला म्हणाली, "सर्वेशा, माझा चेडू होडयेच्या आडोशाक कपडे बदलता. तुका बरा दिसता?"

म्हटलं, "काकी, तात्पुरतं आहे."

"तात्पुरता? माझ्या पडवेक पत्रो तात्पुरतो घातलो तेवा ह्या चेडू पाळण्यात होता. माका तात्पुरता सांगा नको. मिरगाआदी दार होया. आतसून कडी लागणारा. नायतर उर्वशी खेळूची नाय. आणि ती नाय तर बाकीच्यांचे आवशी पण चेडवा धाडूचे नाय, आताच सांगान ठेवतंय."

चेडू म्हणजे मुलगी, आवस म्हणजे आई, आणि मिरग म्हणजे मृग, जूनचा पहिला आठवडा. म्हणजे पाऊस. हातात हिवाळा नि उन्हाळा. एक खोली बांधायची. मला सांगा, जास्त आहे का हो हे? लोक एवढ्या वेळात धरण बांधतात. बरं, बांधत नसतील, पण आराखडा तरी करतात.

मी सभा बोलावली. माडाखाली... म्हणजे उभ्या माडाखाली. सगळे आले, चहा प्यायले. मी बोललो, मनापासून बोललो, मुलींचं भविष्य, गावाची अब्रू, सगळं बोललो. टाळ्या पडल्या. मग म्हटलं, आता वर्गणी. सगळे आपापल्या रिकाम्या कपाच्या तळाशी काहीतरी शोधायला लागले. शेवटी गुरुदासभाऊ उठले. उपरणं सारखं केलं. म्हणाले, "अध्यक्ष म्हणान सुरवात माकाच करूक होयी. माझ्या परड्यातलो एक माड मी मंडळाक दिलंय."

टाळ्या. मी वहाणा काढून उभा राहिलो हो, आदराने. मग डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "भाऊ, कुठला माड?"

"तो काय, आडवो आसा तो."

"भाऊ, तो मंडळावर पडलाय."

"मगे बरा झाला मा. गाडीभाडा वाचला."

पुन्हा टाळ्या. त्या दिवसापासून गावात कोणाकडे वर्गणी मागायला गेलो की तो मला भाऊंच्या दानशूरपणाचा दाखला देतो. "भावान माड दिलो, मगे आमी काय मागे रवतलव? होतला रे, होतला." एकाने मला चहा दिला, एकाने सरबत, एकाने आंबोळ्या... जानेवारीपर्यंत माझं वजन वाढलं, मंडळाच्या डब्याचं वाढलं नाही.

मग म्हटलं मुंबई. आमच्या प्रत्येक वाडीचं एक मुंबईचं मंडळ असतं, माहीत आहे ना? आमचं भांडुपला. तिथले सेक्रेटरी सत्यवानदादा, गिरणीत होते, आता सोसायटीच्या मीटिंगा चालवतात. त्यांना फोन लावला. तर दादा एकदम गहिवरले. "अरे सर्वेशा, तुमी काळजी करू नकात. गाव म्हणजे आमची आवस. आमी हंय मीटिंग लावतो, पैशे जमवतो, आणि महत्त्वाचा काम आमीच करतो." मी तो फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलो. आणि खरंच हो, त्यांनी पैसे जमवले. शिमग्याच्या आधी लक्झरी बसच्या टपावरून एक खोकं आलं, चार माणसं लागली उतरवायला. उघडलं. आत काळीभोर ग्रॅनाइटची शिळा. त्यावर सोनेरी अक्षरांत, 'वीर मारुती क्रीडा मंडळाच्या नूतन वास्तूचे उद्घाटन', खाली मुंबईकर देणगीदारांची नावं, वडिलांच्या नावासकट, वाडीतल्या घराच्या नावासकट, आणि तारखेची जागा रिकामी.

मी फोन केला. "दादा, शिळा पोचली. पैसे?"

"अरे पैशे शिळेरच गेले. ग्रॅनाइट आसा ता, साधी फरशी नाय. आता तुमका काय रवला? चार भिंती."

म्हणजे आता आमच्याकडे उद्घाटनाची शिळा होती, उद्घाटन नव्हतं. ती ठेवायची कुठे? भिंतीला टेकवून ठेवावी म्हटलं तर भिंत नाही. माडाला टेकवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर पद्मावतीकाकी तिच्यावर सुरमई कापत बसलेली. मी म्हटलं, काकी, अहो, नावं आहेत त्याच्यावर. तर म्हणते, "ती खालच्या अंगाक केलंय. बरो फातर आसा, सपाट. मुंबयकारांनी गावासाठी पयलीच कामाची वस्तू धाडली."

तर अशी सगळी शोभा. मिरग जवळ येत चाललेला, माझा जीव वर-खाली, आणि गाव म्हणतंय होतला. आणि अशातच मला ती कल्पना सुचली. आता तुम्ही म्हणाल, सुचली नसती तर बरं झालं असतं. माझी आईही तेच म्हणते.

रापण बघितलीय का कोणी? नसेल तर सांगतो. पहाटे होडी जाळं घेऊन पाण्यात शिरते, मोठा अर्धा वळसा घालून परत किनाऱ्याला येते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर. एक दोर इकडे, एक दोर तिकडे, आणि माणसं ओढायला लागतात. ओढता ओढता दोन्ही बाजू जवळ येत जातात आणि शेवटी मासळीने भरलेलं जाळं वाळूत येतं. ट्रॉलर आले, तरी आमची रापण अजून आहे, विठोबाकाका तांडेलांच्या हट्टावर. आणि रापणीची एक रीत. मासळी विकायच्या आधी वाटे घालायचे. जाळ्याचा एक वाटा, होडीचा एक, देवाचा एक, आणि ज्याने ज्याने दोरीला हात लावला त्या प्रत्येकाचा एक. मग तो गावचा असो की परगावचा, सकाळपासून ओढत असो की शेवटच्या चार हातांना आला असो. रीत मला माहीत नव्हती असं नाही हो. आजोबांच्या खांद्यावरून उतरून मीही दोरीला बोट लावून बांगडा घरी नेलेला आहे.

मी विठोबाकाकांकडे गेलो. ते जाळं विणत बसले होते. म्हटलं, "काका, एका दिवसाची रापण मंडळाला द्या."

काकांनी जाळ्याची आणखी चार घरं विणली. मला वाटलं, आता येणार, आता तो शब्द येणार. मी डोळे मिटून घेतले.

"दिली."

"काय?"

"दिली म्हणान सांगतंय मा. बहिरो काय तू? माझी माणसा त्या दिवसाचो वाटो सोडतली. जाळ्याचो वाटो पण मंडळाक."

तुम्हाला सांगतो, सहा महिन्यांत 'होतला' न म्हणणारा हा पहिला माणूस. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर जाळ्यात पाय अडकून खरोखरच पडलो.

"पण वडूक माणसा हाड," काका म्हणाले. "माझी निम्मी माणसा गोंयाक बोटीर गेली. हाडशील?"

हाडशील का म्हणजे? अहो, माणसं आणणं, गोळा करणं हाच तर माझा विषय. लोकसहभाग. मी रिक्षाला कर्णा बांधला आणि सबंध गाव पिंजून काढलं. 'एक हात दोरीला, एक छप्पर मंडळाला', ही घोषणा माझी. 'रविवारी पहाटे सर्वांनी किनाऱ्यावर यावे, आबालवृद्धांनी यावे, प्रत्येकाने दोरीला हात लावावा', हेही माझंच. मला वाटलं होतं, पन्नासेक येतील.

रविवारी पहाटे किनाऱ्यावर जत्रा होती.

जत्रेलाही इतकी माणसं नसतात हो. श्रमदानाला बोलावलं तेव्हा ज्याची कंबर धरली होती तो आला होता. ज्याला वर्गणीच्या दिवशी ताप होता तो आला होता. सुभद्राआजी, जी गेली दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, तिला खुर्चीत बसवून दोन नातवांनी आणली होती. आणि प्रत्येकाच्या हातात काय होतं माहितीय? बादली. कोणाकडे बादली, कोणाकडे पिशवी, कोणाकडे टोपली, एकाकडे तर आंघोळीचं घंगाळ. मला भरून आलं. अहो, मला वाटलं, मंडळाची मासळी टेम्पोपर्यंत वाहायला माणसं स्वतःची भांडी घेऊन आली आहेत. मी कर्ण्यातून म्हणालोसुद्धा, "ही आहे माडवाडीची एकजूट." लोक बादल्या वर करून ओरडले.

ओढायला सुरुवात झाली. डाव्या दोरीला सगळ्यांत पुढे मुली, मंडळाचे निळे टी-शर्ट घालून, आणि त्यांच्याही पुढे उर्वशी, गुडघाभर पाण्यात, पाय वाळूत रोवून. तिने दोर खांद्यावर घेतला की मागची सगळी रांग हलायची. विठोबाकाका बघत राहिले होते तिच्याकडे. मी इकडून तिकडे धावत होतो. एका हातात कर्णा, दुसऱ्या हाताने लोकांना बोलावतोय... या, या, मागे उभे राहू नका, हात लावा. गुरुदासभाऊंनी दोन बोटं लावली. सुभद्राआजीची खुर्ची पाण्याजवळ नेली, तिचा हात धरून दोरीला टेकवला. "लागलो मा माझो हात? बघलास मा सगळ्यांनी?" एका सुनेने तान्ह्या पोराचा तळवा दोरीला लावला आणि आजूबाजूला दाखवला. कोणाकडे तरी आरोंद्याचे पाहुणे आले होते, ते लग्नाच्या कपड्यांत, पँटी दुमडून. एवढंच काय, किनाऱ्यावर फिरायला आलेलं पुण्याचं एक जोडपं, त्यांनी फोटोपुरता दोर धरला. मी त्यांनासुद्धा म्हटलं, "धरा, धरा, आपलीच रापण आहे."

आणि जाळं आलं.

काय सांगू तुम्हाला. बांगडा. नुसता बांगडा. वाळूवर चांदीचा ढीग हलत होता. म्हातारे म्हणाले, अशी रापण दहा वर्षांत लागली नाही. मालवणहून बर्फाचा टेम्पो घेऊन आलेला व्यापारी माझ्या कानाशी लागला आणि त्याने एक आकडा सांगितला. तो आकडा ऐकल्यावर मी उभ्या उभ्या भिंती घातल्या, कौलं चढवली, मुलींसाठी वेगळी न्हाणी काढली, आणि शेवटी दाराला आतून पितळी कडी बसवली. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "उचला."

"थांब," विठोबाकाका म्हणाले. "आदी वाटे."

"काका, वाटे कसले? आज तर मंडळाची रापण."

"दोरयेक हात लावलो तेचो वाटो."

"पण तुम्ही म्हणालात वाटा सोडणार."

"माझी माणसा सोडतली, असा म्हटलंय. गाव काय माझा माणूस? गावाक तू बोलवलंस. गावान सोडूक होयो तर गावाक इचार."

बरोबर आहे. न्याय्य आहे. मी होडीवर चढलो आणि आयुष्यातलं सर्वांत चांगलं भाषण केलं. कॉलेजात असं बोललो असतो तर विद्यापीठाची ट्रॉफी आणली असती. म्हटलं, बंधूंनो, भगिनींनो, आज प्रत्येकाने आपला वाटा मंडळाला द्या, ह्या मुलींच्या डोक्यावर छप्पर द्या. दोन बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात. मी खाली उतरलो, तर समोर गुरुदासभाऊ. बादली पुढे.

"भाषण बरा झाला. माझो वाटो खंयचो?"

"भाऊ, तुम्ही अध्यक्ष."

"म्हणानच पयलो हात मी लावलंय."

"भाऊ, मंडळाला देऊन टाका ना तो वाटा."

"देतलंय मा, मंडळाक पैशे देतलंय. पण ह्यो बांगडो आसा. पैशे काय, उद्या दिले तरी चलतत. बांगडो उद्यापर्यंत रवता?"

आता याला काय उत्तर आहे, सांगा. मी बी.ए. आहे, माझ्याकडे नाही. आणि भाऊंच्या मागे सगळा गाव, रांगेत, बादल्या घेऊन. प्रत्येक जण आपला वाटा घेतो, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवतो आणि म्हणतो, "मंडळाचा होतला रे, होतला. ह्या आदी घराक न्हेवक होया." सुभद्राआजीचा वाटा गेला. तान्ह्याचा वाटा गेला, त्याला अजून दात नाहीत. आरोंद्याच्या पाहुण्यांचा वाटा सर्वांत मोठ्या पानात बांधून दिला, पाहुणे ते पाहुणे.

मग ते पुण्याचे गृहस्थ आले. हातात सात-आठ बांगडे शेपटीला धरलेले, अंगापासून लांब. म्हणाले, "अहो, तुमचं भाषण ऐकलं आम्ही. आमचा वाटा आम्ही तुमच्या मंडळाला द्यायचा म्हणतो. चालेल ना?"

चालेल? मला रडू फुटायचं बाकी होतं. सबंध किनाऱ्यावर एक माणूस निघाला, तो पुण्याचा. मी हात पुढे केला, तर मागून विठोबाकाका केवढ्याने ओरडले.

"नाय. घेतलेलो वाटो परत देवचो नाय. रापण रुसता."

"काका, ते प्रेमाने देतायत."

"प्रेमान देवंदे नायतर रागान देवंदे. दर्यान दिलेला नाय म्हटला तर दर्यो परत देयत काय? माझ्या बापाशीच्या येळार एकान वाटो सोडल्यान, तर शिमग्यापर्यंत जाळ्यात नुसतो शेवाळ."

पुणेकर घाबरून मासे घेऊन निघून गेले. आणि मी एक चूक केली. म्हणजे मला वाटलं, मी मुद्दा काढतोय. म्हटलं, "असं असेल तर काका, तुमची माणसं आज वाटा सोडणार होती ती कशी?"

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा पडला. "अरे व्हय रे. ता माझ्या ध्यानातच इला नाय. नशीब तू इचारलंस, नायतर केवढो अनर्थ झालो असतो." आणि वळून आपल्या माणसांना हाक घातली, "पोरांनो, वाटे उचला रे सगळ्यांनी."

उचलले.

राहिला जाळ्याचा वाटा. तो काकांनी शब्दाप्रमाणे द्यायला काढला होता हो, बाजूला टोपलीत भरला होता. पण ज्या जाळ्याला वीस माणसं ओढतात त्याला त्या दिवशी अख्खा गाव झोंबला होता, आरोंद्यासकट. जाळं पसरून बघितलं तर मधोमध एवढं मोठं भगदाड, त्यातून म्हैस गेली असती. जाळ्याचा वाटा जाळ्याच्या दुरुस्तीला गेला.

शेवटी वाळूवर खवले उरले, कुत्री उरली आणि मी उरलो. व्यापारी रिकामा टेम्पो घेऊन मला शिव्या देत गेला. मी म्हटलं, "काका, जाऊ दे. निदान माझ्या हाताचा वाटा तरी द्या. तो विकतो आणि मंडळाच्या डब्यात टाकतो. सुरुवात तरी होईल."

काका म्हणाले, "देतलंय मा. हक्काचो आसा. तुझो हात खंयच्या दोरयेक लागलो?"

मी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. एका हातात कर्णा होता. दुसऱ्या हाताने मी बोलावत होतो.

काका तसे न्यायी. त्यांनी गावाला विचारलं, "सर्वेशान दोरयेक हात लावलेलो कोणी बघलास?"

आणि ज्या गावाचं गेल्या पन्नास वर्षांत कुठल्या प्रश्नावर एकमत झालं नव्हतं, ते सबंध गाव, बादल्या हातात घेऊन, एका सुरात म्हणालं, "नाय."

त्या दुपारी वाडीतल्या प्रत्येक घरातून बांगड्याच्या तिखल्याचा, त्या झणझणीत कालवणाचा, वास येत होता. आई बांद्याला मामाकडे गेली होती. मी डाळ लावली.

बरं, एवढ्यावर संपलं असतं तरी मी पुन्हा उभा राहिलो असतो. मी काही खचणारा माणूस नाही. आठवड्याभराने मैदानावर गेलो, शिट्टी वाजवली. कोणी नाही. पुन्हा वाजवली. माडावरचा कावळा उडाला. किनाऱ्याकडून ओरडा ऐकू आला म्हणून गेलो, तर रापण चालू, आणि डाव्या दोरीला निळे टी-शर्ट. माझा संघ. सगळाच्या सगळा.

विठोबाकाका कडेला उभे होते, खूश. "सर्वेशा, तुझे उपकार झाले बघ. माझी माणसा गोंयाक, रापण बंद पडाची येळ इल्ली. त्या दिवसा ह्या चेडवांक वडताना बघलंय आणि म्हटलंय, हीच व्हयी. पुरो वाटो देतंय हां, बाप्यांएवढो."

पद्मावतीकाकी वाळूतच पाटी घेऊन बसली होती. आता तिला पहाटे बंदरावर जाऊन मासे विकत घ्यावे लागत नाहीत, लेकीचा वाटा थेट पाटीत. म्हटलं, "काकी, आणि कबड्डी?"

"सकाळी रापण, मगे घरचा काम, सांजचा दमता ता. कबड्डीत वाटो गावता?"

"काकी, मिरगाआधी मी दार करतो. आतून कडी लागणारं. तुम्हीच म्हणाला होतात."

काकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरं सांगतो, कळवळून बघितलं. म्हणाली, "कशाक रे झिला आता दार? रापण वडूक कपडे थोडेच बदलूचे लागतत."

बघा. सहा महिने मी ज्या दारासाठी गाव पालथं घातलं, त्याची गरजच उरली नाही. गुरुदासभाऊंनी तर सभा घेऊन मंडळाचं अभिनंदन केलं, की खोलीचा प्रश्न परस्पर सुटला.

मी पाण्यात शिरलो, उर्वशीजवळ गेलो. दोर खांद्यावर, टी-शर्टवरचा सात नंबर अर्धा पुसलेला. म्हटलं, "उर्वशी, जिल्ह्याची निवड."

ती ओढता ओढता थांबली नाही. नुसती म्हणाली, "माका ठाऊक आसा, दादा." दोर आणखी चार हात ओढला. मग खाली पाण्याकडे बघत, "तुमी खोली बांधा. मी येतलंय."

"कधी? संघ कधी होणार मग?"

"होतला," ती म्हणाली.

तिच्याकडून ऐकायचं राहिलं होतं.

मी काय करणार हो? संघ जिथे, प्रशिक्षक तिथे. दुसऱ्या दिवसापासून मीही जातो. पहाटे, डाव्या दोरीला, उर्वशीच्या मागे. मी मघाशी म्हटलं ना, मी खचणारा माणूस नाही. हातांना फोड आलेत, पण जातो. आणि परवा ती मागे वळून सगळ्यांदेखत मला म्हणते, "दादा, पाय रोवा मा. नुसती दोरी धरून कित्याक रवलास?"

रोवले. प्रशिक्षकाचं ऐकावं लागतं.